पिशवीच्या पुढचा दिवा

१

बंदरात मला सगळे दिवेबाई म्हणतात. नवीन माणसाला ते आडनाव वाटतं आणि मीही दुरुस्त करत बसत नाही. काम सांगायला सोपं आहे. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुठल्या जहाजावर कुठला दिवा कुठे लागला पाहिजे, ते मी बघते. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, डोलकाठीवर पांढरा. असली शहाणी, सरळ जहाजं माझ्या हाताखालची माणसं तपासतात. माझ्याकडे येतात ती अवलक्षणी कार्टी. ज्यांना डोलकाठी नाही, ज्यांचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे मालकालाही सांगता येत नाही, जी निम्मी पाण्याखाली असतात, अशी. तरंगत्या क्रेन येतात, गाळ उपसणारे तराफे येतात. एकदा एक तरंगतं नाट्यगृह आलं होतं आणि त्याच्या मालकाला चारी बाजूंनी गुलाबी दिवे हवे होते. अशांसाठी नियमात एक सोय आहे: तंतोतंत जमत नसेल तर जमेल तितकं नियमाच्या जवळ जा. किती जवळ, ते मी ठरवते.

मी हे काम चांगलं करते असं सगळे म्हणायचे आणि ते मला मनापासून पटायचं. तोंडाने मी फटकळ आहे. बैठकीत कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही, मग समोर कोण बसलंय ते मी बघत नाही.

पिशवी आली तेव्हाही असंच झालं. समोरच्या बेटावर प्यायचं पाणी नाही. पूर्वी ते टाकीच्या जहाजातून जायचं. ते जहाज मोडीत निघालं आणि पाणीपुरवठ्याच्या लोकांनी रबराची एक लांबलचक पिशवी आणली. तिच्यात गोडं पाणी भरायचं, तोंड बांधायचं आणि टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या बोटीच्या, मागे लांब दोराने ओढत न्यायची. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, म्हणून पिशवी बुडत नाही, पण वरही फारशी येत नाही. जवळून बघितलं तरी पाण्यावर एक काळी ओली पाठ तेवढी दिसते. ती ओढणारा टग माझ्या थोरल्या भावाचा. म्हणजे मालकीचा नव्हे, पण इतकी वर्षं त्याच्याच हातात आहे, म्हणून सगळे दादाचा टग म्हणतात.

अशा पिशव्यांसाठी नियमात खास सूट आहे. मागच्या टोकाला एक पांढरा दिवा हवा, पुढच्या टोकाला नसला तरी चालतो. मी बैठकीत तेवढं सांगितलं आणि माझ्या मते विषय संपला. तर दादा उठला. तो म्हणाला, पुढेही एक दिवा लाव. पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं संध्याकाळी वल्ह्याच्या होड्या घेऊन खाडी ओलांडतात. टगच्या मागचा पिवळा दिवा म्हणजे मागे काहीतरी ओढलं जातंय, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांना वाटतं टग गेला, वाट मोकळी झाली. ती टगच्या मागून आडवी घुसतात, आणि मागून ही येते.

मी म्हटलं, जास्तीचा दिवा लावला की बघणाऱ्याला दोन निरनिराळ्या होड्या वाटतात आणि तो त्यांच्या मधूनच जायला बघतो. हे कारण खरं होतं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण दादा पुन्हा म्हणाला, "लावून तर बघू," आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, उद्या तू पिशवीला घुंगरू बांधायला सांगशील. नियम नाटकाच्या तालमीत ठरत नाहीत."

सगळे हसले. बंदरप्रमुखही हसले. दादा हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी सही केली. पिशवी अंधारात पाण्यावर कशी दिसते हे बघायला एकदा टगवर जायला हवं होतं. पण मला बोट लागते, आणि सहीसाठी कुणी तसा आग्रहही धरला नव्हता.

२

सुरुवातीच्या खेपा बिनबोभाट झाल्या. मग एके दिवशी सकाळी दादा ऑफिसात आला. तो सहसा येत नाही, त्याला जिने आणि टेबलं आवडत नाहीत. दारातच उभं राहून त्याने विचारलं, "छोटे, शेवटी पुढचा दिवा लावलास होय?"

मला वाटलं टोमणा मारतोय. मी कामात डोकं घालून म्हटलं, कुठला दिवा, कुणी लावला. तो म्हणाला, काल संध्याकाळी खाडीच्या मध्यावर आल्यावर मागे बघितलं तर पिशवीच्या पुढच्या टोकाशी पांढरा दिवा होता. अगदी आपण म्हणत होतो त्या जागी.

आपण नव्हे, तू म्हणत होतास, हे मी मनात म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. वाटलं, बैठकीतला राग काढायला यानेच एखादा दिवा बांधला असेल आणि आता भोळेपणाचा आव आणतोय. मी त्याच पावली धक्क्यावर गेले. पिशवी रिकामी होऊन परत आली होती आणि उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखी पसरली होती. पुढचं टोक मी हाताने चाचपलं. दोर अडकवायची कडी होती, बाकी काही नव्हतं. दिवा बांधल्याची खूण नाही, चिकटपट्टीचा डाग नाही. रबर ओलं होतं आणि हात उचलला की चुटकन आवाज करत होतं. टगवरचा खलाशी मला सांगत होता की त्याने काही पाहिलं नाही, तो खाली इंजिनाशी होता. दादा लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी काय शोधतेय ते त्याला कळलं असणार.

मी त्याला म्हटलं, खाडीतल्या तरंगत्या बोयाचा दिवा असेल, नाहीतर काचेतलं प्रतिबिंब. तुझे डोळे तपासून घे. तो बरं म्हणाला.

पुढच्या खेपेला दिवा पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. दादाने सांगितलेलं नेहमी सारखंच असायचं. दिवा आधी बाजूला दिसतो. मग हळूहळू आत येतो, टग आणि पिशवी यांच्या मधल्या पाण्यात. दादा सर्चलाइट मारतो, तर झोतात नुसतं पाणी. झोत काढला की दिवा तिथेच. मग दादा इंजिन बंद करायचा. दोर ढिला पडायचा, आणि थोड्या वेळाने दिवा विझायचा.

इंजिन बंद करणं ही साधी गोष्ट नाही. टग थांबतो, पण पाण्याने भरलेली पिशवी थांबत नाही. ती आपल्या वजनाने येतच राहते. ती टगच्या पाठीवर चढू शकते, दोर पंख्यात अडकू शकतो. एकदा अडकलाही. बेटावरचे लोक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावाचून बसले, आणि तक्रारी सरळ बंदरप्रमुखांच्या टेबलावर आल्या.

३

आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर एक अंधारखोली आहे. खोली कसली, लांब बोळच आहे. भिंती काळ्या, खिडकी नाही, दार रबराच्या पट्ट्यांनी बंद होतं. एका टोकाला दिवा ठेवायचा, दुसऱ्या टोकाला आपण बसायचं आणि तो किती लांबून, किती बाजूने दिसतो ते मोजायचं. मी तिथे रोज बसते. त्या काळोखाची मला घरच्यासारखी सवय आहे.

एके दिवशी दुपारी एका तराफ्याचा दिवा तपासायचा होता. तो तपासून झाला. मी बटण बंद केलं आणि डोळे चोळत तशीच बसून राहिले. डोळे उघडले तेव्हा समोरच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता.

मला वाटलं, दिव्याची तार तापलेली राहिली असेल. पण तपासायचा दिवा उंच फळीवर होता, आणि हा ठिपका खाली होता, बसलेल्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. मग वाटलं, भिंतीला भोक पडलं असेल. पलीकडे गोदाम आहे, तिथला उजेड येत असेल. मी भिंतीला हात लावत लावत चालत गेले. माझ्याच चपलांचा आवाज मला नको तितका मोठा वाटत होता. निम्म्या वाटेवर मला दिसलं की ठिपका स्थिर नाही. तो किंचित वर जात होता, किंचित खाली येत होता. भिंतीचं भोक वरखाली होत नाही.

मी थांबले. पुढे गेले असते तर काय ते कळलं असतं. मी गेले नाही. मी परत फिरले, दार उघडलं आणि बाहेरचे सगळे दिवे लावले. बोळाच्या टोकाला काळी भिंत होती आणि फळीवर तराफ्याचा दिवा. भोक नव्हतं. मी ओला फडका आणून ती भिंत पुसून काढली. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. झाडणाऱ्या बाईंनी विचारलं, काय सांडलं, तर मी म्हटलं, चहा.

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण ती मी मनातच ठेवली. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज थकलेला होता. तो म्हणाला, आजही होता. मी त्याला काय सांगायला हवं होतं हे उघड आहे. मी सांगितलं, "तू दमला आहेस. आठवडाभर सुट्टी घे."

४

वहिनी स्वतः होऊन कुणाच्या दारात जाणारी बाई नाही. ती माझ्या घरी आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पाणीही न पिता बोलायला लागली. म्हणाली, तुमचा भाऊ आता घरातही नीट चालत नाही. एका खोलीतून दुसरीत जायचं तर उंबऱ्याशी थांबतो, आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे. जेवताना मध्येच हात थांबतो. विचारलं तर म्हणतो, कुणी आडवं येत नाही ना ते बघतोय.

"आणि आता बंदरप्रमुखांनी बोलावून सांगितलंय," ती म्हणाली, "आणखी एकदा मध्येच टग थांबवला तर टग काढून घेणार. गोदामात बसवणार, पावत्या फाडायला."

हे मला आधीच माहीत होतं, कारण बंदरप्रमुखांनी मलाही बोलावलं होतं. भला माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि म्हणाले की प्रकरण वाढवायचं नाही. एक खेप मी टगवर जावं आणि बघावं. दिवा असेल तर तसं सांगावं, खेपा बंद ठेवू, पिशवीचं सगळं पहिल्यापासून तपासू. नसेल तर भावाची समजूत घालावी. "तुमच्याइतकी दिव्याची नजर कुणाची आहे?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन."

पहिल्यापासून तपासू, हे शब्द माझ्या डोक्यात बसले. म्हणजे ती बैठक, माझी सही, आणि सही करण्याआधी मी पिशवी पाण्यात बघितली होती का, हा प्रश्न.

वहिनीला मी म्हटलं, काळजी करू नका, मी जाते त्याच्याबरोबर. तिने माझा हात धरला. "टग गेला तर ते उरायचे नाहीत हो," ती म्हणाली. "त्यांचं तुमच्यावाचून कुणी ऐकत नाही, आणि ते तुमच्यावाचून कुणाचं ऐकत नाहीत." मला तिच्या डोळ्यांत बघता येईना. मी उठून ओटा पुसायला लागले, जो स्वच्छच होता.

५

भरतीची वेळ पाहून आम्ही दिवस मावळायच्या सुमाराला निघालो. केबिन लहान आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, आणि खलाशी खाली इंजिनाशी होता. काचा इंजिनाच्या ठोक्यांनी थरथरत होत्या. चहाचा थर्मास खिळ्याला टांगलेला होता आणि तो भिंतीवर टकटक करत होता. दादाने त्याला एका हाताने धरून गप्प केलं, सवयीने, न बघता.

बोट लागू नये म्हणून मी आवळ्याची सुपारी तोंडात ठेवली होती. दादा म्हणाला, लहानपणीही तू अशीच गाल फुगवून बसायचीस. आम्ही दोघं हसलो. कितीतरी दिवसांनी त्याने माझी चेष्टा केली होती, आणि क्षणभर मला वाटलं की आज सगळं ठीक होणार.

सूर्य बुडाला. आकाश अजून काळं झालं नव्हतं, पाणी मात्र झालं होतं. पुढे बेटाचे दिवे लागायला लागले. दादाने टगचे दिवे लावले: वर एकाखाली एक पांढरे, मागे पांढरा आणि त्यावर पिवळा. मी मागच्या काचेतून बघितलं. लांब शेपटाला पिशवीचा पांढरा दिवा लागलेला होता, मी ठरवून दिलेल्या उंचीवर. टग आणि तो दिवा यांच्या मध्ये काहीच नव्हतं. मीच जर होडीत बसून हे बघत असते तर मलाही तिथे मोकळं पाणीच दिसलं असतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, सही करून झाल्यावर, आणि लाजेने माझं तोंड गरम झालं.

खाडीच्या मध्याशी दादा म्हणाला, "आता मी मागे बघणार नाही. तू बघ."

मी म्हटलं, म्हणजे काय.

"माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नाही," तो म्हणाला. "तू आहे म्हणालीस तर थांबतो, मग टग गेला तरी चालेल. नाही म्हणालीस तर सरळ जातो. जे असेल ते सांग, बस्स."

त्याचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. तो समोर बघत राहिला आणि मी मागे.

दिवा बाजूने आला. आधी मला तो बेटावरच्या एखाद्या खिडकीचा वाटला, पण बेट त्या बाजूला नव्हतं. बोयाचा म्हणावा तर बोया लुकलुकतो, हा लुकलुकत नव्हता. काचेतलं प्रतिबिंब असेल म्हणून मी मागची खिडकी सरकवली. खारा वारा आत आला आणि दिवा होता तिथेच राहिला. पाण्याला लागून, लहान, पांढरा. तो आत येत होता. वल्हवणारा माणूस जितक्या वेगाने येईल तितक्याच.

मग तो वर उचलला गेला. हातभर वर गेला, तिथे थांबला, आणि पुन्हा खाली आला. खांबावरचा दिवा असं करत नाही. मला कळलं की हा दिवा कशावर लावलेला नाही, तो कुणीतरी धरलेला आहे. सगळ्यांत लहान होडीसाठी नियमात एवढंच आहे. एक टॉर्च हाताशी ठेवावा आणि टक्कर टाळता येईल इतक्या वेळेत दाखवावा. तो वेळेत दाखवला जात होता. बघायला मी होते.

मला तेव्हा दादाच्या टगचा विचार आला, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. एक खेप न थांबता गेली तर त्याची नोकरी वाचेल, म्हणून मी तसं केलं, असं. ते खरं नाही. मला ती बैठक आठवली. मी 'आहे' म्हणाले तर बंदरप्रमुख मला त्याच खोलीत त्याच माणसांसमोर बसवून विचारतील की पुढे दिवा का नव्हता, आणि सगळ्यांना आठवेल की एकाने मागितला होता आणि मी काय म्हणाले होते. एवढ्या क्षुल्लक गोष्टीपायी.

"काय गं?" दादा म्हणाला.

"काही नाही दादा," मी म्हटलं. "नुसतं पाणी आहे."

मी हे हळू बोलले होते. इंजिनाच्या आवाजात ते केबिनबाहेर ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण मी बोलले आणि तिकडे दिव्यावर कुणीतरी हात ठेवला. पांढरा उजेड गेला आणि त्या जागी तांबडा आला, मंद, मऊ. टॉर्चवर तळवा दाबला की दिसतो तसा. बोटांच्या फटी मला दिसल्या. बोटं जवळ जवळ घेतलेली होती, नीट झाकायला, जसं कुणी सांगितलेलं ऐकतं तसं.

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

दादाने दांडा पुढे ढकलला. टग दबला, दोर पाण्यातून वर येऊन ताठ झाला. मी खिडकी बंद केली नाही. पिशवीची काळी पाठ त्या तांबड्या ठिपक्यापर्यंत आली आणि ठिपका दिसेनासा झाला. मी कान देऊन ऐकत होते. इंजिन, काचा, थर्मास, आणि काही नाही. थोड्या वेळाने पिशवीच्या शेपटाचा दिवा त्याच जागेवरून गेला. तो एकदा बाजूला कलला आणि परत सरळ झाला.

दादाने मोठा श्वास सोडला. मग त्याने थर्मास काढून मला चहा ओतून दिला आणि बेट येईपर्यंत तो काहीतरी गुणगुणत होता.

६

त्यानंतर दिवा दिसला नाही. दादा न थांबता खेपा करू लागला, बेटाला पाणी वेळेवर मिळू लागलं. वहिनीने फोन करून सांगितलं की ते आता पूर्वीसारखे चालतात, दोनदा भात घेतात. बंदरप्रमुखांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी अंधारखोलीत जाणं टाळायला लागले. हाताखालच्या माणसांना पाठवायचे आणि डोळे दुखतात म्हणायचे.

मग एका सकाळी पलीकडच्या किनाऱ्यावरून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. तिचा धाकटा भाऊ होडी घेऊन निघाला होता तो परतला नव्हता. कुठली संध्याकाळ ते तिने सांगितलं, आणि मी टेबलाची कड धरली. होडीची एक फळी तिच्या गावाजवळ लागली होती. तिला तक्रार करायची नव्हती. बंदरात दिव्यांचं सगळं कळणारी एक बाई आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती विचारायला आली होती. तेवढ्यात दादा डिझेलच्या कामासाठी वर आला. तिचं ऐकून तोही थांबला, दाराला टेकून.

ती म्हणाली, त्याच्याकडे टॉर्च होता. मोठा दिवा घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण राहून गेलं. गावात लोक म्हणतात, चूक त्याचीच. एवढ्याशा टॉर्चवर कुणी खाडी ओलांडतं का? आई तेव्हापासून अन्नाला शिवली नाही.

"त्याचं चुकलं का हो?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. नेमकं तिथेच मी खरं बोलले. "नाही," मी म्हटलं. "लहान होडीला टॉर्च पुरतो. वेळेत दाखवला की झालं. नियमात तसंच आहे."

"तो दाखवायचा," ती म्हणाली. "नेहमी दाखवायचा." तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिच्याकडे बघवेना. तिने डोळे पुसले, पदर नीट केला, आणि मग थोडं थांबून म्हणाली, "मग कुणाला दिसला कसा नाही?"

मी तोंड उघडलं, पण दादाच बोलला. तो पुढे आला, आणि किती मायेने बोलला. म्हणाला, "त्या संध्याकाळी आम्हीच होतो खाडीत. माझी ही बहीण सबंध वेळ मागे बघत होती. असता तर हिला दिसला असता. हिच्या नजरेतून दिवा सुटत नाही."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती.

मी मान डोलावली. बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाली, तुम्ही एवढं नीट सांगितलंत, आईला बरं वाटेल. मग दादा तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला.